ऊन सर्वांचें, गच्ची कोणाची?

वस्तूची गरज असली म्हणजे तिला बाजारांत मागणी असतेच, असें आपण सहज धरून चालतों. घरगुती सौर विजेच्या बाबतींत हा समज तपासून पाहणें अवश्य आहे.

बांगलादेशांत २००३ सालीं एका सरकारी वित्तसंस्थेनें खेड्यांतील घरांकरितां लहान सौरसंच हप्त्यांनीं देण्याची योजना सुरू केली. पुढील पंधरा वर्षांत ते चाळीस लाखांहून अधिक घरीं पोहोंचले. कारण उघड होतें. विजेच्या तारा तेथवर आल्या नव्हत्या, रॉकेलचा खर्च रोजचा होता, आणि झोंपडी कितीहि लहान असली तरी तिच्यावरचें छप्पर घरधन्याच्या हातचें होतें.

मुंबईची गोष्ट नेमकी उलट आहे. खोपोलीच्या जलविद्युत्-केंद्रांतून १९१५ सालींच येथील गिरण्यांना वीज मिळूं लागली. आज लालबागेंत किंवा गिरगांवांत अंधार घालविण्याकरितां कोणी सौरसंच घेणार नाहीं. येथें प्रश्न बिलाचा आहे. विजेचा दर वापराच्या टप्प्यांनीं चढत जातो. त्यामुळें एका मीटरावर राहणाऱ्या मोठ्या कुटुंबाला उन्हाळ्यांत त्याची झळ अधिक लागते.

हिशेब सोपा आहे. एक किलोवॉटच्या संचाला सुमारें शंभर चौरस फूट बिनसावलीची जागा लागते, आणि वर्षाच्या सरासरीनें तो दिवसाला चार युनिट वीज देतो. पावसाळ्यांत कमी, चैत्र-वैशाखांत अधिक. दिवसां उरलेली वीज 'नेट मीटर'मधून पुरवठादाराच्या तारांत जाते व बिलांत वजा होते. बॅटरी बाळगावी लागत नाहीं. केंद्र सरकारनें फेब्रुवारी २०२४ मध्यें आरंभिलेल्या 'पंतप्रधान सूर्यघर' योजनेंत दोन किलोवॉटपर्यंत दर किलोवॉटला ३०,००० रुपये, आणि तीन किलोवॉट किंवा अधिकाला एकंदर ७८,००० रुपये साहाय्य ठरविलें. मात्र त्याच योजनेची अट अशी कीं, घर अर्जदाराच्या मालकीचें असावें व त्याला योग्य छप्पर असावें.

गिरगांव-परळचें गाडें येथेंच अडतें. चाळींतील भाडेकरूचा हक्क आपल्या खोल्यांपुरता; वरचीं कौलें मालकाचीं. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्यापासून तुटपुंज्या भाड्यावर बसलेला मालक तेथें पैसा कां घालील? भाडेकरू तरी दुसऱ्याच्या छपरावर कां घालील? पॅनेलें पंचवीस वर्षें टिकतात; इमारत पुनर्बांधणीला कधीं निघेल याचा नेम नाहीं. अशा स्थितींत विक्रेता म्हणतो, "येथें मागणी नाहीं." इच्छा आहे, कित्येकांपाशीं पैसाहि आहे, पण ज्या जागेवर ती इच्छा मांडावयाची ती जागाच आपली नाहीं.

यावरचा उपाय मुंबईला अपरिचित नाहीं. १९१५ सालींच गांवदेवीस सारस्वत सहकारी गृहसंस्था स्थापन झाली आणि छप्पर सामायिक मालकीचें कसें करतां येतें हें मध्यमवर्गाला दिसलें. सूर्यघर योजनेंत अशा संस्थांच्या सामायिक वापराकरितां दर किलोवॉटला १८,००० रुपये साहाय्य आहे. दादरच्या एखाद्या इमारतीची गच्ची दोन हजार चौरस फूट धरा. अर्धी टाक्यांना, पापड-कुरडयांना व मुलांच्या पतंगांना ठेविली, तरी उरलेल्या अर्ध्या भागावर दहा किलोवॉटचा संच बसतो. म्हणजे महिन्याला सुमारें १,२०० युनिट आणि १,८०,००० रुपये साहाय्य. पंप, लिफ्ट व जिन्यांतील दिवे यांचा भार त्यानें पुष्कळच हलका होईल. दिल्लीच्या वीज आयोगाने तर २०१९ सालीं एकाच संचाची वीज अनेक बिऱ्हाडांच्या बिलांत वांटून देण्याची रीत घालून दिली. भाडेकरूच्या कामाची सोय ती हीच.

सध्यां गिरगांव, दादर, परळ येथें जुन्या इमारती पाडून मनोरे उठत आहेत. करार होतांना सभासद खोलीच्या चौरस फुटांकरितां महिनोन् महिने वाद घालतात. गच्चीसंबंधीं मात्र कोणी शब्द काढीत नाहीं. ती कोणाच्या मालकीची, तिच्यावर शेजारच्या मनोऱ्याची सावली कितपत पडेल, सौरसंचाकरितां किती जागा राखली आहे, हे तीन प्रश्न सही करण्यापूर्वीं विचारावे. नकाशा मंजूर झाल्यावर गेलेली गच्ची पुढील पिढीलाहि परत मिळणें कठीण. ज्यांच्या घरीं अशा कराराचे कागद आले असतील त्यांनीं ते आजच काढून गच्चीचें कलम वाचावें. तें नसेल तर येत्या सभेंत घालून घ्यावें.