भंगारातले भिंग आणि सूर्याची उष्णता (लेखांक ५)

मुंबईत १८७८ च्या सुमारास विल्यम अ‍ॅडम्स यांनी सपाट आरशांचे तुकडे जुळवून सूर्याच्या उष्णतेवर वाफेचे इंजिन चालवले, त्याचे विवेचन मागील लेखांकात आले आहे. या वेळी विचार भिंगाचा, आणि तोही जुन्या दूरचित्रवाणी संचातून निघणाऱ्या भिंगाचा करायचा आहे.

काचेच्या नळीच्या नेहमीच्या संचात किंवा आजच्या चपट्या संचात असे भिंग नसते. ते सापडते मागून पडद्यावर चित्र टाकणाऱ्या, कपाटाएवढ्या प्रोजेक्शन टीव्हीत, ज्याचे उत्पादन मित्सुबिशीने २०१२ च्या अखेरीस थांबवल्यावर तो प्रकार बाजारातून संपला. आतून पसरत येणारा प्रकाश प्रेक्षकाच्या दिशेने समांतर वळवण्यासाठी पडद्यात अ‍ॅक्रिलिकचा एक पातळ पत्रा बसवलेला असतो आणि त्यावर ग्रामोफोनच्या तबकडीसारख्या दिसणाऱ्या बारीक वर्तुळाकार खाचा असतात. (उभ्या रेघांचा दुसरा पत्रा चित्र आडवे पसरवण्यासाठी असतो, उष्णतेच्या कामी तो निरुपयोगी.) भिंगात प्रकाश वळतो तो पृष्ठभागावर, मधल्या जाडीचे त्यात काही काम नसते, हे ओळखून ऑग्युस्टँ फ्रेनेल या फ्रेंच अभियंत्याने पायऱ्यापायऱ्यांचे भिंग सिद्ध केले, आणि १८२३ मध्ये ते कोर्दुआँच्या दीपगृहात बसले. टीव्हीतला पत्रा त्याच कुळातला आहे. प्रकाशाचा मार्ग उलटही चालतो, त्यामुळे सूर्याकडून येणारे जवळजवळ समांतर किरण हाच पत्रा एका लहानशा ठिपक्यात गोळा करतो. खाचांची बाजू सूर्याकडे ठेवली तर ठिपका अधिक रेखीव पडतो, मात्र खाचांत धूळ साचते.

ठिपक्याच्या प्रखरतेने लाकूड पेटते, म्हणून भिंग उष्णता निर्माण करते असा समज होतो. प्रत्यक्षात ते पत्र्यावर पडलेलीच उष्णता एकवटते. पन्नास इंची, ४:३ प्रमाणाच्या पडद्याचे क्षेत्रफळ सुमारे ०.७७ चौरस मीटर भरते. स्वच्छ उन्हात थेट किरणांची शक्ती दर चौरस मीटरला ७०० वॅट आणि त्यातला ८० टक्के प्रकाश पार होतो असे धरले, तर हाती सुमारे ४३० वॅट येतात, म्हणजे कसलीही गळती नाही असे मानले तरी एक लिटर पाणी उकळायला बारा मिनिटे लागतात. याहून जास्त उष्णता हवी असेल तर क्षेत्रफळही तितके मोठे लागते. लातूरच्या महानंद डेअरीत दूध तापवण्यासाठी बसवलेल्या ‘अरुण’ या सौर तबकाचे क्षेत्रफळ १६० चौरस मीटर आहे. त्यातही फ्रेनेलचीच कल्पना आरशांवर वापरलेली आहे.

हे भिंग स्थानिक कामाला कितपत येईल, तेही पाहू. वसई-विरारला उन्हाचे दोन जुने उपयोग म्हणजे राजेळी केळ्यांची सुकेळी आणि किनाऱ्यावरची सुकी मासळी, परंतु दोन्हींना मंद, पसरलेले ऊन आणि वाहता वारा लागतो. एकवटलेल्या ठिपक्याने केळे करपेल, सुकणार नाही. शिवाय भिंग केवळ थेट किरणच एकवटू शकते. पावसाळ्याच्या ढगाळ महिन्यांत आणि किनाऱ्यावरच्या दमट धूसर हवेत विखुरलेल्या प्रकाशाचा वाटा मोठा असल्याने ते वर्षाचा बराच काळ पडून राहील. शाळेतल्या प्रयोगाला किंवा हिवाळ्यातल्या चहाच्या आधणाला ते उत्तम. सुकवणीसाठी मात्र काचेच्या झाकणाचा, हवा खेळती ठेवणारा साधा वाळवणयंत्राचा पेटाराच योग्य ठरतो.

प्रयोग करणाऱ्यांनी हे भिंग वापरात नसताना कापडाने झाकून सावलीत ठेवावे आणि वेल्डिंगच्या काळ्या काचेशिवाय ठिपक्याकडे पाहू नये. वीज काढल्यावरही संचात घातक विद्युतदाब टिकून राहू शकतो, म्हणून संच जाणत्या कारागिराकडूनच उघडून घ्यावा, आणि उरलेले भाग नोंदणीकृत ई-कचरा प्रक्रिया केंद्राकडेच द्यावेत.