एका हातानं घालवलं, दुसऱ्या हातानं दिलं

क्रिस्टोफर नोलनचा ‘ओपेनहायमर’ पाहिलेल्यांना रॉबर्टचे धाकटे भाऊ फ्रँक ओझरते आठवत असतील. तेही भौतिकशास्त्रज्ञ, अणुबॉम्बच्या कामावर तेही होते. जून १९४९ मध्ये अमेरिकी संसदेच्या चौकशी समितीपुढे त्यांनी आपण पूर्वी कम्युनिस्ट पक्षात होतो हे कबूल केलं, पण इतरांची नावं घ्यायला साफ नकार दिला. मिनेसोटा विद्यापीठातली नोकरी गेली, दुसरं कुठलं विद्यापीठ दारात उभं करेना. मग कोलोरॅडोत जमीन घेऊन त्यांनी कित्येक वर्षं गुरं सांभाळली आणि पुढे तिथल्याच गावच्या शाळेत विज्ञान शिकवलं.

नोकरी गेली त्याच्या पुढच्याच वर्षी, १९५० मध्ये, त्याच सरकारनं संशोधनाला पैसा पुरवण्यासाठी नॅशनल सायन्स फाउंडेशन म्हणजे ‘एनएसएफ’ स्थापन केलं. पुढे फ्रँक कोलोरॅडो विद्यापीठात परतले, तेव्हा त्यांना या एनएसएफचंच अनुदान मिळालं. त्यातून उभं राहिलं ‘प्रयोगांचं ग्रंथालय’. शंभरेक प्रयोग कायमचे मांडून ठेवलेले. विद्यार्थ्यानं सवडीनं यावं, हवा तो करून पाहावा. सॅन फ्रान्सिस्कोत १९६९ मध्ये सुरू झालेल्या ‘एक्सप्लोरेटोरियम’ या त्यांच्या विज्ञान संग्रहालयाचं बी इथे पडलं.

संग्रहालयाची सुरुवात १९१५ च्या जागतिक प्रदर्शनासाठी बांधलेल्या भल्यामोठ्या इमारतीत झाली. काचेच्या कपाटातल्या जुन्या वस्तू तिथे नव्हत्याच. संग्रहालयाचं वर्कशॉप उघडं होतं. उपकरणं तयार होताना, बिघडताना आणि पुन्हा जुळवली जाताना येणाऱ्याजाणाऱ्याला दिसत. माहिती सांगायला शाळकरी मुलं पगारावर नेमलेली. ती लोकांसमोर गाईचा डोळा कापत, आतलं भिंग बाहेर काढून दाखवत. सरकारी अनुदानाच्या अर्जात हे कसं बसवलं असेल, याचं मला कौतुक वाटतं.

फ्रँक यांचा एक हट्ट मला फार मोलाचा वाटतो. प्रयोग कुणीही उचलावेत, नक्कल करावी! १९७५ पासून ‘एक्सप्लोरेटोरियम कुकबुक’चे तीन खंड निघाले. ‘रुचिरा’ उघडून पदार्थ करावा तसा त्यातून प्रयोग करता येतो: साहित्य काय, जोडणी कशी, कुठे हमखास फसतं. अशा दोनशेच्या आसपास कृती त्यांत आहेत. जगभरच्या विज्ञानकेंद्रांत आज ओळखीचं वाटणारं बरंच काही याच पानांमधून गेलेलं आहे.

संग्रहालय आणि एनएसएफ या दोघांचा संसार सुरळीत मात्र चालला नाही. १९८१ नंतर रेगन सरकारनं एनएसएफच्या विज्ञानशिक्षणाच्या पैशाला जवळजवळ पूर्ण कात्री लावली. १९८३ मध्ये अमेरिकी शाळांच्या घसरणीवरचा ‘अ नेशन अ‍ॅट रिस्क’ हा अहवाल गाजला आणि तिजोरी पुन्हा उघडली. शाळेबाहेरच्या विज्ञानशिक्षणासाठी एनएसएफमध्ये स्वतंत्र योजनाही आली. फ्रँक १९८५ मध्ये गेले. त्यांना तिची जेमतेम सुरुवातच पाहता आली.

पुढच्या काळात या पैशानं संग्रहालयाची सवयच बदलली. पैसा देणारी संस्था संशोधनवाली. तिला ‘लोक खूश झाले’ एवढं पुरेना. मग प्रेक्षक उपकरणापाशी किती वेळ थांबतो, आपणहून काय विचारतो, याच्या नोंदी सुरू झाल्या. उदाहरणार्थ, दोन सारख्या वजनाच्या चकत्या उतारावरून सोडल्या, तर वजन मध्याशी एकवटलेली चकती आधी पोहोचते, कडेला वजन असलेली मागे पडते. पाटीवर हे लिहिलं की माणूस एकदा करतो, वाचतो, पुढे जातो. वजनं हवी तशी सरकवायची सोय दिली की तो शर्यती लावत बसतो. या धर्तीच्या प्रयोगांवरचा अभ्यास २००५ मध्ये पुस्तकरूपानं आला. नव्या घडणीच्या उपकरणांपाशी लोक सुमारे तिप्पट वेळ रेंगाळत होते. त्याच वर्षी बॉस्टन आणि मिनेसोटाच्या संग्रहालयांसह एक्सप्लोरेटोरियमला नॅनोविज्ञान लोकांपर्यंत नेण्यासाठी पाच वर्षांचे २ कोटी डॉलर मंजूर झाले. २०१३ मध्ये संग्रहालय समुद्रकाठच्या पिअर १५ वर गेलं.

आपल्याकडे घडलं ते वेगळं. कोलकात्याचं बिर्ला संग्रहालय १९५९ मध्ये उघडलं ते सीएसआयआरच्या, म्हणजे संशोधन संस्थेच्याच घरात. सीएसआयआरची अशी संग्रहालयं १९७८ मध्ये वेगळ्या राष्ट्रीय परिषदेकडे गेली. वरळीचं नेहरू विज्ञान केंद्र त्याच परिषदेचं. पैसा घरचाच असल्यानं दर वेळी परक्यासमोर अर्ज मांडून आपलं काम पटवावं लागलं नाही. त्यात सोय होती. पण प्रेक्षकाचा इतका बारीक अभ्यास आपल्याकडे रुजला नाही, त्याचं एक कारण मला यातच दिसतं.

एप्रिल २०२५ पासून एनएसएफनं हजाराहून अधिक चालू अनुदानं मध्येच रद्द केली आणि सर्वांत मोठा फटका शिक्षण विभागाला बसला. १९८१ च्या कपातीनंतर दोन-तीन वर्षांत पैसा परतला होता. या वेळी अशा अनुदानांवर नेमलेल्या आणि प्रेक्षकांच्या नोंदी ठेवणाऱ्या संशोधकांनी दुसरीकडे नोकऱ्या धरल्या, तर पैसा परतला तरी ते परततील असं मला वाटत नाही.