गावठी दारू, गावठी भाषा

सोळाव्या शतकात इंग्लंडमध्ये अँड्र्यू बूर्ड नावाचा एक वैद्य होऊन गेला. देशोदेशीच्या माणसांची ओळख करून देणारं एक पुस्तक त्यानं लिहिलं. त्यात ज्या त्या मुलखाचा माणूस पद्यात आपली माहिती सांगतो. कॉर्नवॉलच्या माणसाची पाळी आली, की तो खेडवळ बोलीत घरच्या ‘एल’बद्दल बोलू लागतो. एल म्हणजे धान्य आंबवून केलेली, बिअरच्या जातीची दारू. ती प्यायली की ओकारी ठरलेली, हेही तोच सांगून टाकतो. वाचणाऱ्यानं हसावं म्हणूनच ही योजना. दारूही अडाणी, बोलीही अडाणी!

आपल्याकडे याहून वेगळं काय आहे? ‘गावठी’ हा एकच शब्द आपण दारूलाही लावतो आणि बोलण्यालाही.

मी मलकापूरचा. इथं खानदेश सरतो आणि वऱ्हाड लागतं. उत्तरेला सातपुडा. चैत्रात तिथं मोहाची फुलं पहाटे गळतात. ती वेचायची, वाळवायची, पाण्यात आंबवायची आणि भट्टीवर चढवून वाफेची धार धरायची. आदिवासींच्या सणात, लग्नात या दारूला मान असतो. डोंगराखालच्या बाजारात आली की तीच ‘गावठी’ होते.

बोलीचंही तसंच. माझ्या घरी दखनी, गल्लीत वऱ्हाडी आणि पुस्तकात पुण्याची मराठी. शाळेत कुणी ‘मला’ऐवजी ‘मले’ म्हटलं, की वर्ग हसायचा. सिनेमात झिंगलेला गडी गावरान बोलला, की थिएटर हसायचं. दोन्ही हशांची जात एकच.

पण आपलंच वाङ्मय नीट पाहिलं, तर चित्र उलटं दिसतं. राम गणेश गडकऱ्यांचं ‘एकच प्याला’ १९१९ साली रंगभूमीवर आलं. त्यातला दारूनं बुडालेला सुधाकर वकील आहे. त्याची भाषा शुद्ध, अलंकारिक.

आणि दारू सोडा म्हणून महाराष्ट्रभर ओरडून सांगणारा माणूस कोणती भाषा बोलत होता? वऱ्हाडी. गाडगेबाबांचा जन्म १८७६ चा, अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचा. वडील झिंगराजी दारूपायी अकाली गेले. पुढं मुलीच्या बारशाला जातरिवाजाप्रमाणे दारू-मटणाचं जेवण अपेक्षित असताना त्यांनी गोडाचं जेवण वाढलं. शाळा शिकलेले नव्हते. कीर्तनात ते लोकांना साधे प्रश्न विचारत आणि उत्तर लोकांच्याच तोंडून काढून घेत. कर्ज, नवस, बळी, दारू, सगळ्यांचा हिशेब त्या बोलीत मांडला जाई. नोव्हेंबर १९५६ मध्ये वांद्र्याला झालेलं त्यांचं कीर्तन ध्वनिमुद्रित झालं, म्हणून तो आवाज आजही ऐकता येतो. तो ऐकताना लोक हसतात, पण बोलीला नव्हे, स्वतःच्या मूर्खपणाला.

पुढं १९६० साली उद्धव शेळक्यांच्या ‘धग’ कादंबरीत कौतिक वऱ्हाडी बोलली. संसार ओढणाऱ्या त्या बाईच्या बोलण्यावर हसण्याची कुणाची छाती झाली नाही.

तेव्हा लिहिणाऱ्यांनी बोली कुणाच्या तोंडी द्यायची, याचा विचार करावा. आपल्या गोष्टींतल्या डॉक्टरीणबाई, न्यायाधीश, मास्तर यांनाही ‘मले’ म्हणू द्या. वर्गातल्या त्या पोराला मान वर करायला तेवढं पुरेल.