तबकातली नोट आणि मोबाइलमधला कोड

भाऊबीजेच्या दिवशी बहीण ओवाळते आणि भाऊ तबकात काहीतरी घालतो. ह्या ‘काहीतरी’चे रूप पिढीगणिक बदलत आले आहे. कधी चांदीचा रुपया, कधी खण, कधी साडी, पुढे पाकिटातली नोट. अलीकडे त्यात गिफ्ट कार्डाची भर पडली. आधी ते प्लॅस्टिकचे असे आणि हातात देता येई. आता बहुधा ईमेलने किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर एक कोड येतो. भाऊ बंगळूरला किंवा टोरांटोला असला तर ही मोठीच सोय आहे. सोयीबद्दल पुष्कळ बोलले जाते. प्रस्तुत लेखात एवढेच पाहायचे आहे की, तबक बाजूला झाल्यावर ओवाळणी नेमकी कोणाच्या हातात पडते?

हा प्रश्न वाटतो तितका किरकोळ नाही. मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात स्त्रीधनाचे सहा प्रकार दिले आहेत. विवाहाग्नीसमोर मिळालेले, सासरी जाताना मिळालेले आणि प्रेमाने दिलेले धन ह्यांच्याबरोबर भावाकडून, आईकडून आणि वडिलांकडून मिळालेले धन तिथे वेगवेगळे मोजले आहे. एरवी स्त्रीच्या स्वातंत्र्याबद्दल कृपण असलेल्या परंपरेनेही भावाने दिलेले धन बहिणीचे मानले. आधुनिक कायदा त्याच्या पुष्कळ पुढे गेला. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या १४ व्या कलमाने स्त्रीला तिच्या मालमत्तेची पूर्ण मालक ठरवले आणि भेट म्हणून मिळालेली मालमत्ता त्यात स्पष्टपणे धरली. प्रतिभा राणी विरुद्ध सूरज कुमार ह्या १९८५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, स्त्रीधन सासरच्या माणसांच्या ताब्यात असले तरी मालकी तिचीच राहते. मालकी आणि ताबा ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हा ह्या निकालाचा गाभा. गिफ्ट कार्डाच्या बाबतीत तोच उपयोगी पडतो.

आता गिफ्ट कार्डाची यंत्रणा पाहू. आपल्याकडे त्याचे ढोबळ दोन वर्ग आहेत. पहिला वर्ग एखाद्या दुकानाने केवळ स्वतःच्याच मालासाठी काढलेल्या कार्डांचा. त्यांना रिझर्व्ह बँकेच्या परवानगीची गरज नसते. अटी त्या दुकानाच्या असतात. दुसरा वर्ग अनेक ठिकाणी चालणाऱ्या कार्डांचा. ती बँका किंवा परवानाधारक कंपन्या काढतात आणि २००७ च्या पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टिम्स कायद्याखाली रिझर्व्ह बँकेचे नियम त्यांना लागू होतात. २०२१ च्या निर्देशांनुसार अशा भेटकार्डाची कमाल किंमत १०,००० रुपये, त्यात पुन्हा पैसे भरता येत नाहीत, त्यातून रोख काढता येत नाही आणि मुदत किमान एक वर्षाची हवी. मुदत संपण्याआधीच्या ४५ दिवसांत धारकाला सूचना द्यावी लागते. २०१७ पासून ह्या वर्गातली कागदी व्हाउचर काढायलाही बंदी आहे. म्हणजे कागदाकडून कोडाकडे झालेला प्रवास केवळ ग्राहकाच्या आवडीचा नाही; नियमांनीही त्याला हात लावला आहे.

न वापरलेल्या पैशाचे काय होते? व्यापाराच्या भाषेत त्याला ‘ब्रेकेज’ म्हणतात. विकलेल्या कार्डांपैकी काही कधीच वापरली जाणार नाहीत, हे दुकानदार आधीपासून हिशेबात धरतो. ही बाब इतकी नित्याची आहे की ब्रेकेजवर वस्तू व सेवा कर लागत नाही, असा खुलासा डिसेंबर २०२४ मध्ये परिपत्रक काढून करावा लागला. रिझर्व्ह बँकेच्या नियमांखालील कार्डांना मात्र एक संरक्षण आहे. मुदत संपली तरी शिल्लक रक्कम किमान तीन वर्षे कंपनीला स्वतःच्या नफ्यात वळवता येत नाही आणि धारकाने मागितल्यास ती त्याच्या बँक खात्यात परत करावी लागते. हा हक्क फार थोड्यांना ठाऊक असतो, आणि हक्क ठाऊक नसेल तर कोणी मागणार तरी कसे?

वस्तुरूप भेट तीन कामे निमूटपणे करत असे. ती कपाटात दिसे, म्हणून आठवण देई. ती एकाच वेळी एकाच हातात असे, म्हणून ताबा कोणाचा ह्याबद्दल संशय नसे. आणि ती देताना देणारा समोर असे किंवा निदान पाकिटावर त्याचे अक्षर असे. डिजिटल कोड ह्यांतले एकही काम आपणहून करत नाही. ईमेल शेकडो जाहिरातींखाली गाडला जातो. कोड भावाच्या फोनवर, बहिणीच्या फोनवर आणि कौटुंबिक गटात टाकला असेल तर साऱ्या नातेवाइकांच्या फोनवर एकाच वेळी असू शकतो. जो आधी टाइप करील त्याचे पैसे. आणि ज्या घरात ऑनलाइन खरेदीचे खाते नवऱ्याच्या किंवा मुलाच्या नावावर आहे, तिथे कोड त्या खात्यात ‘जमा’ होतो. पुढे त्यातून मिक्सर येतो किंवा मुलाचा चार्जर येतो. वाईट हेतू कोणाचाच नसतो, पण भावाने दिलेले धन न बोलता घरखर्चात मिसळून जाते. साड्यांच्या घडीत ठेवलेल्या नोटेचे असे सहज होत नसे.

ह्याचा अर्थ डिजिटल भेट वाईट, असा नाही. टपालात गहाळ होण्याची भीती नाही, कोड हरवला तर पुन्हा पाठवता येतो, परदेशातल्या भावाला त्याच दिवशी ओवाळणी पोहोचवता येते. उलट, जिचा फोन आणि खाते स्वतःचे आहे तिच्यासाठी डिजिटल भेट पाकिटापेक्षाही खाजगी ठरते. चार जणांसमोर रक्कम मोजली जात नाही. फरक तंत्रज्ञानात नसून ते कोणाच्या नावाने चालते ह्यात आहे.

म्हणून वस्तू जी कामे करत होती ती आता देणाऱ्याने करायला हवीत. कोड गटात न टाकता थेट तिच्या क्रमांकावर पाठवावा. तिचे स्वतःचे खाते आहे का, हे आधी विचारावे. नसेल तर ते उघडायला मदत करणे हीच खरी ओवाळणी. कार्ड कोणी काढले आहे आणि मुदत कधी संपते, हे संदेशात आपल्या शब्दांत लिहावे. महिन्या-दोन महिन्यांनी फोन करून ‘काय घेतलंस गं?’ एवढे विचारावे. आणि तिच्या बँक खात्यात थेट पैसे पाठवणे शक्य असेल तर तोही पर्याय ध्यानात ठेवावा, कारण त्या पैशांना ना मुदत असते ना ठरावीक दुकान.

कायद्याने मालकी बहिणीला कधीच दिली आहे. ताबा मात्र दरवर्षी, दर भाऊबीजेला, नव्याने द्यावा लागतो.