तरुण कुत्र्याला हिप डिस्प्लेसिया : मोठी शस्त्रक्रिया करावी की थांबावे?

सहा-आठ महिन्यांचे लॅब्रेडॉर किंवा जर्मन शेफर्ड पिल्लू उठताना अडखळू लागते. जिना चढायचे टाळते, पळताना मागचे दोन्ही पाय जोडून सशासारख्या उड्या मारते. एक्स-रे निघतो, 'हिप डिस्प्लेसिया' हे निदान होते आणि पाठोपाठ ऑपरेशनचा विषय निघतो. मग घरात दोन तट पडतात. एकाला उद्याच मुंबई गाठायची असते, तर दुसऱ्याला कुत्र्यासाठी एवढा खर्च पटत नाही. दोघांनीही आधी एक गोष्ट समजून घ्यायला हवी. हा निर्णय फक्त एक्स-रेवर होत नाही. कुत्र्याचे वय, त्याच्या वेदना आणि ऑपरेशननंतरचे दोन महिने तुम्ही सांभाळू शकाल का, या तीन गोष्टींवर तो ठरतो.

सांध्यात नेमके काय बिघडते?

मांडीच्या हाडाचा गोल माथा कमरेच्या हाडातील वाटीसारख्या खळग्यात बसतो. हा खुब्याचा सांधा. डिस्प्लेसियामध्ये तो सैल राहतो, त्यामुळे चालताना माथा खळग्याच्या कडेवर घसरतो. हळूहळू कड झिजते, खळगा उथळ होतो आणि पुढे संधिवात होतो. दोष बराचसा आनुवंशिक असतो, पण पिल्लू फार झपाट्याने वाढले आणि वजनदार झाले तर तो बळावतो.

वेदना साधारणपणे दोन टप्प्यांत येतात. पहिला टप्पा पाच ते बारा महिन्यांच्या वयातला. सैल सांध्यामुळे आजूबाजूचे स्नायू-बंध ताणले जातात आणि पिल्लू लंगडते. वर्ष-सव्वा वर्षाच्या सुमारास सांध्याभोवतीचे आवरण जाड होते आणि बऱ्याच कुत्र्यांचे दुखणे कमी होते. दुसरा टप्पा काही वर्षांनी, संधिवाताचा. आठव्या महिन्यात लंगडणारे पिल्लू आयुष्यभर तसेच राहील, असे म्हणूनच गृहीत धरू नये. ब्रिटनमध्ये १९८७ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत ऑपरेशन न करता सांभाळलेल्या ६८ तरुण कुत्र्यांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश कुत्री पुढे जवळजवळ नीट चालत होती.

एक्स-रे काय सांगतो?

एक्स-रे सांध्याचा आकार दाखवतो, दुखणे दाखवत नाही. फिल्म भयंकर दिसणारी कुत्री मजेत पळतात आणि किरकोळ दोष असलेली कधी कधी फार त्रासात असतात. शिवाय फिल्म नीट निघालेली असावी लागते. त्यासाठी कुत्र्याला गुंगीचे औषध किंवा भूल देऊन उताणे झोपवतात, मागचे पाय सरळ ताणतात आणि कंबर वाकडी नाही ना, हे पाहतात. जागेपणी धरून-बांधून काढलेल्या फिल्मवर मोठा निर्णय घेऊ नका.

लंगडण्याची इतर कारणेही तपासायला हवीत. गुडघ्याचा अस्थिबंध तुटणे, वाढीच्या वयातली हाडांची सूज आणि मणक्याचे दुखणे ही त्यातली काही. आपल्याकडे आणखी एक कारण विसरू नये, ते म्हणजे गोचीड ताप. त्यातही सांधे दुखतात आणि रक्तातील प्लेटलेट कमी होतात. ऑपरेशन ठरले तरी ही रक्ततपासणी आधी हवीच, नाहीतर टेबलावर रक्तस्राव थांबवणे अवघड जाऊ शकते.

कोणते ऑपरेशन कोणत्या वयात?

* जेपीएस : वय १२ ते २० आठवडे. कमरेच्या हाडाचा एक वाढबिंदू बंद करतात, म्हणजे खळगा वाढता वाढता माथ्यावर अधिक झाकण धरतो. ऑपरेशन छोटे आहे, पण या वयात लक्षणे क्वचितच दिसतात, त्यामुळे बहुतेकांची ही वेळ हुकते.
* डीपीओ किंवा टीपीओ : साधारण दहा महिन्यांपर्यंत आणि सांध्यात संधिवात सुरू झालेला नसेल तरच. कमरेचे हाड कापून, खळगा फिरवून प्लेट बसवतात.
* एफएचओ : कोणत्याही वयात करता येते. मांडीच्या हाडाचा माथा काढून टाकतात आणि स्नायू व तंतूंचा नवा आधार तयार होतो. वीस किलोच्या आतील कुत्र्यांत निकाल अधिक चांगले असतात. भारी कुत्र्यांचेही दुखणे कमी होते, पण चालीत थोडा फरक राहू शकतो.
* संपूर्ण सांधारोपण : हाडांची वाढ संपल्यावर, साधारण वर्षाच्या आसपास किंवा नंतर. यशस्वी झाले तर चाल सर्वात नैसर्गिक होते. मात्र खर्च एफएचओपेक्षा कितीतरी जास्त असतो. सांधा निखळणे, जंतुसंसर्ग किंवा हाड मोडणे असे धोके असतात आणि मग दुसरे ऑपरेशन करावे लागू शकते.

पहिल्या दोन पर्यायांची मुदत संपते, शेवटच्या दोघांची लवकर संपत नाही. तुमचे पिल्लू पाच-सात महिन्यांचे असेल, तर अस्थिशल्यचिकित्सकाचा सल्ला येत्या काही आठवड्यांतच घ्या. ते दीड वर्षाचे असेल, तर घाईचे कारण सहसा नसते.

वेळेचे महत्त्व इतर सांध्यांनाही लागू आहे. रतन टाटांनी आपल्या एका कुत्र्याला सांधा बदलण्यासाठी अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात नेले होते. पण तोवर उशीर झाल्याने तो सांधा एका ठरावीक स्थितीत कायमचा जखडून टाकावा लागला, असे त्यांनीच नंतर सांगितले. मुंबईत महालक्ष्मी येथे २०२४ साली टाटा ट्रस्ट्सचे लहान प्राण्यांचे रुग्णालय सुरू झाले, त्यामागे हा अनुभवही होता.

ऑपरेशनशिवाय काय करता येते?

बरेच काही, आणि ऑपरेशन ठरले तरी हे करावेच लागते.

* वजन : अमेरिकेत ४८ लॅब्रेडॉर कुत्र्यांना लहानपणापासून जोड्या लावून अभ्यासले गेले. जोडीतल्या एकाला दुसऱ्यापेक्षा पाव हिस्सा कमी अन्न दिले. कमी खाणाऱ्यांत खुब्याचा संधिवात कमी आणि उशिरा दिसला, शिवाय त्यांचे मध्यम आयुर्मान ११.२ ऐवजी १३ वर्षे भरले. हात फिरवल्यावर बरगड्या सहज लागल्या पाहिजेत. तुपाची पोळी, ताटातली भाकरी, शेंगदाणे आणि येता-जाता दिलेले केळे, हे सगळे मोजणीत धरा.
* कॅल्शियम : मोठ्या जातीच्या पिल्लाला चांगला तयार आहार मिळत असेल, तर वरून कॅल्शियमचे सिरप देऊ नका. जादा कॅल्शियममुळे हाडांची वाढ बिघडते.
* फरशी : गुळगुळीत टाइल्सवर मागचे पाय फाकतात. त्याच्या वावरण्याच्या जागी सतरंजी किंवा रबरी चटई टाका. गच्चीचा जिना बंद ठेवा.
* व्यायाम : दोरीला धरून सपाट जमिनीवर रोज थोडे थोडे चालवा. चेंडूमागे पळवणे आणि उड्या नकोत. उन्हाळ्यात आपल्याकडे पारा ४४-४५ अंशांवर जातो, तेव्हा फिरणे उजाडताना किंवा रात्रीच.
* औषधे : कुत्र्यांसाठीची वेदनाशामके डॉक्टरांच्या मात्रेनेच द्या. घरातील डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन किंवा पॅरासिटामॉल कधीही देऊ नका. पोट, मूत्रपिंड किंवा यकृत निकामी होऊन जीव जाऊ शकतो.

मग ठरवायचे कसे?

ऑपरेशनकडे झुकावे, जर : वजन, व्यायाम आणि औषधे दोन-तीन महिने नीट सांभाळूनही कुत्रा दुखण्यात असेल, मांडीचे स्नायू सुकत असतील, तो खेळणे सोडून पडून राहत असेल किंवा औषध बंद करताच लंगडत असेल. पहिल्या दोन ऑपरेशनच्या वयात असलेल्या पिल्लासाठी मात्र तीन महिने वाट पाहू नका. सल्ला आधी घ्या.

थांबावे, जर : एक्स-रे खराब असूनही कुत्रा खातो, पळतो, आपणहून उठतो आणि औषध क्वचितच लागते. फक्त फिल्म पाहून केलेल्या ऑपरेशनने त्याचे फारसे भले होत नाही.

खान्देशातून जाताना

आधी तुमचे नेहमीचे डॉक्टर किंवा जिल्हा पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालय येथे तपासणी करून घ्या. पुढचा सल्ला मुंबई, नागपूर, परभणी, शिरवळ येथील पशुवैद्यक महाविद्यालये, अकोल्याची पदव्युत्तर संस्था किंवा मोठ्या शहरांतील खासगी शल्यचिकित्सक यांच्याकडे मिळू शकतो. निघण्याआधी फोन करून हे विचारा :

* हे ऑपरेशन तुमच्याकडे नियमित होते का? वर्षाला किती?
* आमच्या कुत्र्याला हेच का, एफएचओ का नाही?
* पुन्हा ऑपरेशन लागले तर त्याचा खर्च कोणाचा?
* टाके, ड्रेसिंग आणि पुढचे एक्स-रे जळगाव-धुळ्यात करता येतील का?

धुळ्याहून मुंबई सव्वातीनशे किलोमीटरच्या आसपास आहे, जळगावहून चारशेच्या. हा प्रवास तपासणीसाठी, ऑपरेशनसाठी आणि नंतरच्या एक्स-रेसाठी असा तीन-चार वेळा होऊ शकतो. खर्चाचा हिशेब करताना गाडीभाडे, मुक्काम आणि घरातल्या माणसाची रजा धरा.

नंतरची काळजी प्रत्येक ऑपरेशनची वेगळी असते. सांधारोपण आणि डीपीओनंतर सहा ते आठ आठवडे कुत्र्याला लहान जागेत बंदिस्त ठेवावे लागते. लघवी-शौचालाही दोरीवरच न्यायचे. एफएचओनंतर उलट आहे. काही दिवसांतच पाय वापरायला लावावा लागतो, नाहीतर सांधा आखडतो. शेतावरच्या मोकळ्या घरात बंदिस्त ठेवणे जमणार नसेल, तर ते डॉक्टरांना आधीच सांगा. तुमच्या घरात जमेल तेच ऑपरेशन योग्य.

सांधारोपण परवडत नाही म्हणून तुम्ही वाईट मालक ठरत नाही. हिप डिस्प्लेसियाचे निदान झाले, एवढ्यावरून कुत्र्याला झोपवण्याचीही गरज नसते. अनेक कुत्री सडपातळ शरीरावर आणि योग्य औषधांवर चांगले आयुष्य काढतात. मात्र अशा कुत्र्याची पैदास करू नका. पुढचे पिल्लू घेताना त्याच्या आई-बापाच्या खुब्याचे एक्स-रे मागा.

लगेच डॉक्टरांकडे न्या, जर : पाय अचानक अजिबात टेकत नसेल, मागचे दोन्ही पाय लुळे पडले असतील, लघवी-शौचावरचा ताबा गेला असेल, किंवा वेदनाशामक सुरू असताना उलट्या वा काळी शी होत असेल.