पांढरीची माती

दिवाळी आठ दिवसांवर आली, की लहानपणी पाथर्डीला आई आम्हां भावंडांच्या हाती पाट्या देई आणि पांढरीवर पिटाळी. पांढर म्हणजे ओसाड झालेल्या जुन्या वस्तीचे टेकाड. तिथल्या मातीने भिंती सारवल्या, की घर कसे उजळून निघे. मातीत खापरे निघत. ती आम्ही ठिकरीच्या खेळाला घेत असू.

त्या खापरांची खरी किंमत मला कळली ती नेवाशाला. मराठीचा मास्तर विद्यार्थ्यांना घेऊन तिथे जातो तो ज्ञानेश्वरांच्या खांबाला हात जोडायला. पण त्याच प्रवरेकाठी १९५४ ते १९५६ या काळात डेक्कन कॉलेजच्या डॉ. ह. धी. सांकळियांनी उत्खनन केले. वरच्या, सातवाहनकालीन थरांत भूमध्य समुद्राकडून आलेल्या मद्यकुंभांची खापरे निघाली. त्याखाली, सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीची मातीची घरे. पुढे १९६८ पासून घोड नदीकाठी इनामगावला अशा शंभराहून अधिक घरांचे आराखडे उलगडले. त्यांत चुली होत्या, धान्याची पेवे होती.

आणि जमिनीखाली लहान मुले होती! दोन रांजण तोंडाला तोंड लावून आडवे ठेवलेले, आत मृत बालक. नेवाशाच्या एका बाळाच्या गळ्यात तांब्याच्या मण्यांची माळ होती. तांब्याच्या गंजाने तिचा धागा टिकला. तपासला, तर त्यात सूत आणि रेशीम निघाले. सिसिलीतल्या ग्रीक वसाहतींतही मृत बालकांना कुंभात ठेवीत. पण गावाबाहेर, स्मशानात. आमच्याकडच्या आईला तेवढेही अंतर सोसवले नसावे.

हे सारे मी आईला सांगितले. माझ्या आधीचे एक मूल तिने गमावले आहे. त्याविषयी ती कधी बोलत नाही. बराच वेळ ती गप्प बसली. मग म्हणाली, “शहाणी होती रे ती. लेकराला अंधारात एकटं कसं टाकावं?”

आता आमच्या भिंतींना ऑइलपेंट आहे. पांढरीची माती मात्र खत म्हणून अजूनही कुठे कुठे शेतात जाते. तिच्याबरोबर असली घरेही जातात. वाचकहो, यंदा दिवाळीला गावी गेलात आणि पांढरीवर खापर दिसले, तर ते होते तिथेच राहू द्या. न जाणो, कुणा आईने ते जपून ठेवलेले असेल!