सीटबेल्टचे प्रतिलेखन

गेल्या पौषात कुंभोजगिरीचे दर्शन घेऊन आम्ही उभयता सांगलीस परतत होतो. निघण्यास थोडा उशीर झाला होता. सूर्यास्तापूर्वी घरी पोहोचून भोजन उरकावे या घाईने मी गाडीचा वेग नेहमीपेक्षा अधिक ठेवला होता, हे आधीच कबूल करतो. जयसिंगपूरच्या अलीकडे शेतातल्या वाटेने उसाची भरलेली ट्रॉली एकाएकी मुख्य रस्त्यावर आली. मी ब्रेक दाबला आणि गाडी ट्रॉलीपासून चार हातांवर थांबली. टक्कर झाली नाही, पत्र्यावर ओरखडाही उमटला नाही. परंतु शेजारी बसलेली सौ. पुढे फेकली गेली होती. तिने सावरण्यासाठी पुढे केलेला हात डॅशबोर्डवर आदळला आणि मनगटाचे हाड मोडले.

तिने सीटबेल्ट लावलेला होता. माझाही लावलेला होता. माझ्या पट्ट्याने मला छातीशी घट्ट धरले, तिचा पट्टा मात्र तिच्यासोबत सरसरत बाहेर आला. छत्तीस वर्षे बँकेत काढलेल्या माणसाला ही गोष्ट स्वस्थ बसू देणारी नव्हती. एकाच शाखेत, एकाच नियमाने उघडलेल्या दोन खात्यांत व्याज निरनिराळे कसे लागावे?

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडीत बसून तिचा पट्टा हाताने झटकन ओढून पाहिला. तो तत्काळ अडकला. पुन्हा ओढला, पुन्हा अडकला. जवळच्या मेकॅनिकनेही तसाच झटका देऊन पाहिला आणि म्हणाला, "साहेब, बेल्ट ठणठणीत आहे. काकूंनी सैल लावला असेल." घरी येऊन मी हे सांगितले, तेव्हा प्लास्टरमधला हात मांडीवर ठेवून बसलेल्या सौ.ने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिले, तिचे वर्णन येथे करत नाही. दोन दिवसांनी गाडी कंपनीच्या अधिकृत कार्यशाळेत नेली आणि दाराशेजारच्या खांबाचे आवरण उघडून पाहण्याची विनंती केली. त्या दिवशी जे कळले, ते वाचकांसमोर ठेवण्यासाठी हा लेखनप्रपंच.

खांबाच्या तळाशी पट्टा गुंडाळून घेणारी एक फिरकी असते. तिला रिट्रॅक्टर म्हणतात. आपण सावकाश पुढे वाकलो तर ती पट्टा सोडते, मागे टेकलो की गुंडाळून घेते. संकटाच्या क्षणी तिने अडकावे यासाठी तिच्यात दोन स्वतंत्र योजना असतात, आणि सारे मर्म या 'दोन' शब्दात आहे. पहिली योजना पट्ट्याच्या गतीवर चालते. पट्टा झटक्याने ओढला की फिरकीतील खिट्टी दात्यात अडकते. दुसरी योजना गाडीच्या गतीवर चालते. एका लहान वाटीत पोलादी गोळी ठेवलेली असते. गाडीचा वेग एकदम घटला, गाडी कलंडली किंवा उलटू लागली की गोळी जागा सोडते, वरची तरफ उचलते आणि फिरकी अडकते. पट्टा ओढला जाण्याची वाटही ही योजना पाहत नाही.

जोराचा ब्रेक लागला की माणूस पुढे सरकतो, पण त्याच्या सरकण्याचा वेग हाताने दिलेल्या झटक्याएवढा तीव्र नसतो. तेवढ्यावर पहिली योजना जागी होईलच असे नाही. तेथे काम असते पोलादी गोळीचे. आपण सारेजण हाताने पट्टा ओढून 'चालतो' असा निर्वाळा देतो, ती परीक्षा फक्त पहिल्या योजनेची. दुसरी योजना नादुरुस्त असली तरी पट्टा त्या परीक्षेत उत्तीर्ण होतो, जसा आमचा झाला.

आमच्या पट्ट्याच्या फिरकीत ती गोळी नव्हतीच. वाटीसह काढून टाकलेली होती. कार्यशाळेतील अनुभवी गृहस्थांनी सांगितलेला तर्क असा. मुळात ही फिरकी आमच्या गाडीची नव्हती, दुसऱ्या एखाद्या मॉडेलमधून काढून बसवलेली होती. प्रत्येक गाडीच्या खांबाचा कल वेगळा असतो आणि फिरकी त्या कलाला अनुसरूनच बनवलेली असते. ती भलत्या कोनात बसली की गोळी आधीच कडेला आलेली असते. मग साध्या चढावरही पट्टा अडकतो, बाहेरच येत नाही. मालक तक्रार करतो. 'नेहमी अडकतो' या तक्रारीवर कोणा कारागिराने सोपा उपाय शोधला आणि अडकवणारी गोळीच काढून टाकली. तक्रार मिटली. दोन वर्षांपूर्वी ही गाडी आम्ही वापरलेली म्हणून विकत घेतली, तेव्हा पट्टा मऊसूत चालत होता आणि मला त्याचे कौतुकच वाटले होते.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. तीव्र चढावर उभ्या गाडीत पट्टा अडकणे हा दोष नव्हे. सीटबेल्टविषयीच्या संयुक्त राष्ट्रांच्या १६ क्रमांकाच्या नियमावलीनुसार नेहमीच्या प्रकारची फिरकी १२ अंशांपर्यंतच्या कलाला अडकता कामा नये आणि २७ अंशांपलीकडे अडकलीच पाहिजे. फिरकी खोलून हातात तिरपी धरली तर ती अडकणारच. तेव्हा गाडी सपाट जागेवर आणल्यावरही पट्टा बाहेर येत नसेल तरच शंका घ्यावी. तेव्हाही आधी पट्टा थोडा आत जाऊ द्यावा, मग सावकाश ओढावा. पुष्कळदा एवढ्याने तो सुटतो.

आता या दुसऱ्या योजनेची परीक्षा करायची कशी? खरे तर ही परीक्षा कार्यशाळेतच करवून घ्यावी, असे मी सुचवीन. स्वतः करायचीच असेल तर रहदारीचा रस्ता कटाक्षाने टाळावा. मोकळे, सपाट, कोरडे मैदान हवे. गाडीत चालक आणि एक धडधाकट प्रौढ, एवढेच. मुले, वृद्ध, गर्भवती कोणीही नको, मागे-पुढे दुसरी गाडीही नको. वेग ताशी १५ किलोमीटरच्या वर नेऊ नये. ज्या आसनाचा पट्टा तपासायचा तेथे बसणाऱ्याने पट्टा लावून, पाठ टेकून, पाय घट्ट रोवून बसावे आणि एक हात पुढच्या आधारापासून फार दूर ठेवू नये. पट्टा अडकणारच असे गृहीत धरून शरीर पुढे झोकून देणे हा शुद्ध वेडेपणा ठरेल, कारण पट्टा अडकतो की नाही हेच आपण तपासत आहोत. चालकाने पूर्वसूचना देऊन ब्रेक जोरात दाबावा. त्याच क्षणी पट्टा धरला गेला पाहिजे. तो सरकत राहिला तर तेथेच थांबावे आणि दुरुस्तीपर्यंत ते आसन रिकामे ठेवावे. आम्ही नवा पट्टा बसवल्यावर शाळेच्या मैदानावर रविवारी सकाळी ही परीक्षा केली. शेजारच्या आसनावर मुलगा बसला होता.

हाताने करावयाची तपासणीही सोडू नये. पट्टा शेवटपर्यंत पूर्ण ओढून दोन्ही बाजूंनी न्याहाळावा. आपल्याकडे साधू-साध्वी नित्य प्रतिलेखन करतात, वस्त्राचा पदर न् पदर उलगडून, कोठे जीव तर नाही ना हे डोळ्यांनी पाहतात. तेवढ्याच निगुतीने पट्ट्याची वीण पाहावी. दारात सापडून कडा कुरतडलेली, सिगारेटच्या ठिणगीने (गाडी वापरलेली घेतली असेल तर हेही आलेच) पडलेले भोक, पिळून पडलेली कायमची घडी, उन्हाने विटून कडक झालेला भाग, यांपैकी काहीही दिसले तरी पट्टा बदलावा. शिंप्याकडून किंवा चांभाराकडून तो शिवून घेणे म्हणजे फाटका चेक चिकटपट्टी लावून वटवण्यासारखे आहे.

पट्टा आत जाण्यास मंद झाला असेल तर बहुधा दोष फिरकीचा नसतो. खांद्याजवळच्या कडीत तेल, घाम आणि धूळ यांचा थर साचलेला असतो. कोमट पाण्यात सौम्य साबण घालून, ओल्या फडक्याने कडी आणि पट्टा पुसावा आणि पूर्ण वाळेपर्यंत पट्टा बाहेरच अडकवून ठेवावा. ब्लीच, रंग, पेट्रोल यांनी धागा दुबळा होतो, आणि फिरकीत तेल सोडणे तर सर्वथा वर्ज्य.

बकलमध्ये जीभ घातल्यावर स्पष्ट 'टक' आवाज यावा, ओढल्यावर ती निघू नये आणि लाल कळ दाबताच उसळून बाहेर यावी. न आल्यास आत नाणे, सुपारीचे खांड, सांडलेल्या सरबताचा चिकटा यांचा शोध घ्यावा. मागच्या आसनांची कथा तर आणखी न्यारी. पर्युषणात आमच्या मंदिराच्या आवारात उभ्या असणाऱ्या गाड्यांत डोकावून पाहा, मागची बकले नव्याकोऱ्या सीट कव्हरखाली गाडलेली आढळतील. सायरस मिस्त्री हे ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघरजवळ अपघातात गेले, तेव्हा ते मागच्या आसनावर बसले होते आणि त्यांनी पट्टा लावलेला नव्हता. त्यानंतर काही आठवडे सर्वत्र मागच्या पट्ट्यांची चर्चा झाली. कव्हरे मात्र जेथल्या तेथे राहिली. २०१९ पासून पट्टा न लावल्यास एक हजार रुपये दंड आहे, याची भीती ज्यांना वाटते त्यांच्यासाठी एक साधा हिशेब सांगतो. ताशी ५४ किलोमीटर वेगाने जाणारे शरीर थेट अडथळ्यावर आदळणे म्हणजे साडेअकरा मीटर उंचीवरून, जवळपास चौथ्या मजल्यावरून, जमिनीवर पडणे होय.

चौथ्या मजल्याच्या गॅलरीला कठडा नको, असे कोणी म्हणत नाही. तरीही सीटबेल्टची सूचनाघंटी वाजू नये म्हणून बकलमध्ये नुसतीच खोटी क्लिप खोचणारे लोक आपल्या ओळखीत आहेत. २०२३ च्या मे महिन्यात केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने अशा क्लिपांची विक्री थांबवण्याचा आदेश पाच ऑनलाइन विक्री-मंचांना दिला. आपल्या गाडीत एखादी असेल तर आजच काढून टाकावी.

आता आमच्या गाडीतला दुसरा शोध. तो अधिक अस्वस्थ करणारा आहे. अलीकडील बहुतेक गाड्यांत पुढच्या पट्ट्यांना प्रीटेन्शनर जोडलेला असतो. टक्कर होताच त्यातील लहानसा स्फोटक घटक पेटतो आणि पट्ट्याची ढिलाई क्षणार्धात ओढून घेतो. एकदा पेटला की तो संपला, पुन्हा वापरता येत नाही. आमच्या मूळ पट्ट्याचा प्रीटेन्शनर आधीच्या कोणत्या तरी अपघातात पेटला होता. नवा महाग पडतो, म्हणून जुन्या बाजारातला साधा पट्टा बसवला गेला. अशा वेळी एअरबॅगचा दिवा डॅशबोर्डवर सतत पेटून मालकाला सावध करतो. तो पेटू नये यासाठी वायरीच्या टोकाला एक चिमुकला रेझिस्टर जोडून ठेवलेला होता. गाडीची संगणकीय यंत्रणा समजत होती, प्रीटेन्शनर जागेवर आहे. हा बनावट व्हाउचरचाच प्रकार, आणि लेखापरीक्षक फसला.

त्या दिव्याविषयी एवढे लक्षात ठेवावे: चावी फिरवल्यावर तो काही सेकंद पेटला पाहिजे आणि नंतर विझला पाहिजे. पेटूनच राहिला तर दोष आहे. मुळीच पेटला नाही तर अधिक संशय घ्यावा, बल्बच काढलेला असू शकतो. मात्र प्रीटेन्शनरच्या वायरींना घरी मल्टिमीटर लावून पाहण्याचे धाडस कोणीही करू नये. मीटरमधला अल्प प्रवाहसुद्धा तो पेटवू शकतो. खांबाचे आवरण उघडणे, बॅटरी सोडवून आवश्यक तेवढा वेळ थांबणे, हे सारे प्रशिक्षित माणसाचे काम आहे.

घरच्या माणसाला करता येण्यासारखी एक तपासणी मात्र आहे आणि ती न केल्याची खंत मला आजही आहे. पट्ट्याच्या खालच्या टोकाजवळ शिवलेली एक चिठ्ठी असते. तीवर उत्पादकाचे नाव आणि निर्मितीची तारीख असते. पुढच्या दोन्ही पट्ट्यांवरील चिठ्ठ्या शेजारी-शेजारी वाचाव्यात आणि गाडीच्या निर्मितीच्या महिन्याशी ताडून पाहाव्यात. आमच्या उजव्या पट्ट्यावरील तारीख गाडीच्या तीन महिने आधीची होती, डाव्यावर चिठ्ठीच नव्हती. वाहनकर्जाची शेकडो प्रकरणे मी मंजूर केली, इंजिन आणि चेसिस क्रमांक अंकागणिक ताडले, पण स्वतःची गाडी घेताना खाली वाकून पाहिले नाही.

आपल्या समाजात ऑटो पार्ट्सचा व्यापार करणारी घराणी पुष्कळ आहेत, म्हणून एक गोष्ट संकोच सोडून लिहितो. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात अचौर्याणुव्रताचे जे अतिचार सांगितले आहेत, त्यांत 'प्रतिरूपकव्यवहार' हा एक आहे. खऱ्यासारखा दिसणारा खोटा माल खरा म्हणून विकणे, असा त्याचा अर्थ. साबण नकली निघाला तर ग्राहकाचे कपडे नीट निघत नाहीत, एवढेच. बिनगोळीचा, जुन्या अपघातातून काढलेला पट्टा काउंटरवरून देताना आपण काय देतो, याचा हिशेब वेगळा आहे. योगायोग असा की तीन बिंदूंना बांधणारा आजचा पट्टा १९५९ साली स्वीडनच्या निल्स बोलिन या अभियंत्याने सिद्ध केला, तेव्हा त्यांच्या व्होल्वो कंपनीने त्याचे पेटंट सर्व उत्पादकांसाठी खुले ठेवले. व्यापारात अभयदानाचे असे उदाहरण मला दुसरे आठवत नाही.

आमची गाडी ज्याने विकली त्या दलालाकडे मी गेलो होतो. त्याने चहा मागवला, हळहळ व्यक्त केली आणि आपण गाडी 'जशी आहे तशी' या अटीवर दिली होती, हे नम्रपणे निदर्शनास आणले. करारात ते वाक्य होते आणि त्याखाली माझीच सही होती.

कार्यशाळेने जुना पट्टा फिरकीसह पिशवीत घालून परत दिला. घरासमोर भंगारवाला आला, तेव्हा तो तसाच त्याच्या हवाली करावा असे क्षणभर वाटले. मग ध्यानात आले, आमच्या गाडीत तो कोठून आला असेल. सौ.च्या एका हाताला अजून प्लास्टर होते, म्हणून पट्टा मी ताणून धरला आणि कात्री तिने चालवली. वीण चिवट होती, पुष्कळ वेळ लागला.